सूचनाफलकाचा वाचक

निविदा हा प्रकार माणसांनी वाचावा म्हणून छापलेला असतो, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि त्याला माझा मेव्हणा आनंद जबाबदार आहे.

१९८८च्या फेब्रुवारीत तो पुण्याहून आमच्याकडे डोंबिवलीला आलेला. सकाळी अंघोळीला गेला, अंगभर साबण लावला, आणि नळाने घशातून एक आवाज काढून पाणी बंद केलं. आनंद टॉवेल गुंडाळून तसाच बाहेर आला. साबण वाळत चालला होता आणि त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तो शांतपणे म्हणाला, "भाऊजी, पाणी जाणार हे तुम्हाला आधी कळत नाही का? आमच्याकडे कळतं."

मी काही बोलणार तोच सुमती, म्हणजे आमची सौभाग्यवती, स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांना काय कळणार? घरातलं मीठ संपलेलं कळत नाही त्यांना."

मी कोलशेतला एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. नऊशे प्रकारचे डबे, पिंपं आणि पोती कुठल्या रॅकवर आहेत हे मला डोळे मिटून सांगता येतं. अशा माणसाबद्दल त्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या भावासमोर, 'त्यांना काय कळणार' असं म्हटलं गेलं. आनंदच्या अंगावरचा साबण आम्ही पिण्याच्या पाण्याने उतरवला. माझ्या मनावरचं काही उतरलं नाही.

तुम्ही म्हणाल, शेजाऱ्याला विचारायचं. शेजारी होते. आमच्या खालीच, पहिल्या मजल्यावर, गुरुदत्त कर्णिक राहत. ज्या कार्यालयातून आमचं पाणी सोडलं जाई आणि बंद केलं जाई, त्या ठाण्याच्या कार्यालयात ते हेडक्लार्क होते. (कार्यालयाचं नाव घेत नाही. पाणी अजून तिथूनच येतं.) मी एकदा जिन्यात त्यांना विचारलंही होतं.

"कर्णिक, या आठवड्यात पाणी जाणार आहे का?"

"टिपणीस, ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे की नाही, तेही सांगता येणार नाही."

आणि हा माणूस ढोंगी नव्हता. ज्या दिवशी पाणी जाई त्या दिवशी कर्णिकांच्या घरातही भांडी खरकटी पडलेली असत. त्यांची बायको हेमा एकदा तांदूळ अर्धे धुऊन आमच्याकडे तांब्याभर पाणी मागायला आली होती. नवऱ्याला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तो बादली न भरता झोपला होता. कार्यालयातली गोष्ट घरी सांगायची नाही, म्हणजे बादलीलाही सांगायची नाही.

तेव्हा मी सरळ मार्गाने जायचं ठरवलं. कारखाना सुटल्यावर ठाणे स्टेशनकडे येताना त्या कार्यालयात गेलो आणि खिडकीवरच्या बाईंना विचारलं, पाणी बंद असण्याची माहिती नागरिकांना कुठे मिळते? त्या विणकामातून मान वर न करता म्हणाल्या, "फलकावर लावतो ना सगळं."

फलक जिन्याखाली होता. त्याच्यापुढे सहा सायकली होत्या आणि खिळ्याला एक छत्री लटकत होती. छत्री भिवा नावाच्या शिपायाची होती. मी ती बाजूला करून आत डोकं घातलं, तेव्हा तो धावत आला.

"कोण पाहिजे?"

"कोणी नको. वाचतोय."

"काय वाचताय?"

"फलक."

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, आणि थोड्या वेळाने बसायला स्टूल आणून दिलं. स्टूल उगाच दिलं नव्हतं. त्या फलकावर कागदांचे पाच थर होते. निविदा, रजा, बदल्या, लिलाव, वसाहतीतली क्वार्टर्स, हरवलेली ओळखपत्रं. 'उद्या पाणी येणार नाही' असं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी हिरमुसून उठणार, एवढ्यात एका अर्ध्या पानाकडे लक्ष गेलं. दुरुस्ती पथकातील चौदा कर्मचाऱ्यांना येत्या गुरुवारी दोन वेळच्या जेवणाचा भत्ता मंजूर करण्यात येत आहे.

आता स्टोअर्समधल्या माणसाचं डोकं कसं चालतं ते सांगतो. चौदा माणसं एखाद्या ठिकाणी सकाळचं आणि रात्रीचं जेवणार असतील, तर ती तिथे गप्पा मारायला गेलेली नसतात. मी घरी येऊन सुमतीला सांगितलं, "गुरुवारी पाणी जाणार." ती म्हणाली, "बरं." पण बुधवारी तिने पिंप भरलं, हे मी पाहिलं.

गुरुवारी सकाळी सातला नळ कोरडा पडला. मला जो आनंद झाला तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. सोळा बिऱ्हाडं पाण्यावाचून बसली होती आणि मी शीळ घालत दाढी करत होतो.

इथे थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण माणसाचं एक अनुमान खरं ठरलं की त्याला दुसरं सुचतंच. मी आठवड्यातून दोनदा फलकाकडे जायला लागलो. भिवा लांबून पाहूनच छत्री काढून ठेवायचा. घरी एका वर्तमानपत्राची तीन झाली, आणि तीनही मी मागच्या पानावरून पुढे वाचायला लागलो. जगात काय चाललंय हे मला कळेनासं झालं, पण कुठल्या खात्याला किती फूट पाइप हवाय हे पाठ झालं. कात्रणांच्या चार फायली झाल्या: निविदा, रजा, वाहने आणि इतर. सुमतीने लोणच्याच्या बरण्यांची फळी रिकामी करून दिली. तिच्याकडून एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

मार्चमध्ये माझी तीन अनुमानं लागोपाठ बरोबर आली. मग आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रघुनाथ खोपकर, जे आमच्या बरोबर वर तिसऱ्या मजल्यावर राहत, त्यांनी जिन्यात एक फळा टांगला. त्यावर मी 'शुक्रवारी सकाळी नाही' एवढंच लिहायचो. शेजारच्या इमारतींतून बायका येऊन वाचून जाऊ लागल्या. कोपर रोडवर मला 'पाणीवाले टिपणीस' म्हणू लागले. सूचनाही यायला लागल्या. एकाने सुचवलं, अक्षर मोठं काढा. दुसऱ्याने सुचवलं, लाल खडू वापरा, नाहीतर भीती वाटत नाही. तळमजल्यावरच्या आजोबांनी रॉकेल कधी येणार तेही लिहायला सांगितलं, आणि ते मला जमणार नाही म्हटल्यावर, "मग पाण्याचं तरी कशाला लिहिता?" असं म्हणून आत गेले.

मला एकच गोष्ट खुपत होती. हे सगळं मी कात्रणांवरून काढतो, यावर कोणाचाच विश्वास नव्हता.

"टिपणीस, सोर्स सांगू नका," खोपकर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे. "आम्हाला समजतं."

"सोर्स कसला, वर्तमानपत्र आहे. थांबा, फाइल दाखवतो."

"नको, नको. पुरावा नकोच." आणि ते जिन्यावरून खाली, कर्णिकांच्या दाराकडे पाहून डोळे मिचकवायचे. येता-जाता लोक कर्णिकांना 'थँक्यू हं' म्हणायला लागले. कर्णिकांना कशाबद्दल ते कळेना. ते प्रत्येकाला, "आपलं माझ्याकडे काही काम होतं का?" असं विचारत. लोकांना हा त्यांचा मुरब्बीपणा वाटे.

मी तेव्हाच सगळ्यांना फायलींसमोर बसवायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर आपल्याला कुठूनतरी आतली बातमी मिळते, असं लोकांना वाटणं फारसं अप्रिय नसतं. मी नाही म्हणत राहिलो, पण हळू आवाजात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या हाती तीन कागद आले. पहिला वर्तमानपत्रातला: शीळफाट्याजवळील मुख्य जलवाहिनीवरचा जुना व्हॉल्व्ह बदलणे, काम सलग बहात्तर तासांत पूर्ण करणे बंधनकारक. दुसरा फलकावरचा: मंगळवार ते गुरुवार पथकातील सर्वांच्या रजा रद्द. तिसरी एक बोटभर जाहिरात: त्याच तीन दिवसांसाठी पाण्याचे टँकर भाड्याने हवेत. प्रत्येक कागद आपापल्या जागी अगदी गरीब दिसत होता. पण जेवणाच्या टेबलावर तिघांना शेजारी ठेवल्यावर मला घाम फुटला. तीन दिवस पाणी नाही, आणि कार्यालयाने जाहीर काहीच केलेलं नाही.

मी लाल खडू घेतला. 'मंगळवार, बुधवार, गुरुवार. पूर्ण नाही.'

त्यानंतर आमच्या भागात जे झालं ते पाहून लढाई लागलीय की काय असं वाटावं. पिंपं विकत आली. कुकर, बरण्या, बाळाचा टब, पूजेचं ताम्हण, जे खोलगट होतं ते भरलं गेलं. कोणाचं तरी डोहाळजेवण पुढे ढकललं. अर्धी इमारत नातेवाइकांकडे जायला निघाली. खोपकर सहकुटुंब कल्याणला बहिणीकडे गेले.

रविवारी मनुबाई मासळी घेऊन आली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, गेली बारा वर्षं आम्हाला मासळी देणारी. सुमतीला बोंबील मोजून देताना ती फळ्याकडे हात करून म्हणाली, "ताय, हे काय लिवलंय? पानी जानार? मंगलवारी नाय जात पानी. माजा दीर गुणाजी थयच खड्ड्यावर कामाला हाय. नवा वाल मोठा आयलाय, पायपावर बसत नाय. परत धाडलाय तो. आता म्हयना जाईल."

सुमतीने आत येऊन मला हे सांगितलं.

"हे छापून कुठे आलंय?" मी विचारलं.

"छापून कशाला येईल? तिचा दीर तिथे उभा आहे."

"सुमती, माझ्याकडे तीन कागद आहेत. तिच्याकडे एक दीर आहे."

हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं.

मंगळवारी सकाळी सहाला पाणी बंद व्हायचं होतं. सहाला पाणी आलं. आणि कसं आलं! सगळ्या भागाने भरून घेतल्यामुळे कोणीच नळ उघडत नव्हतं, त्यामुळे उघड्या राहिलेल्या नळांना धबधब्याचा जोर. आमचे खोपकर सोमवारी रात्री निघताना स्वयंपाकघरातला नळ उघडा ठेवून गेले होते. का, तर पाणी परत आल्याचं शेजाऱ्यांना आवाजावरून कळावं म्हणून. कळलं. खोपकरांच्या घरातून ते आमच्या छतात आलं, आमच्या छतातून आमच्या फरशीवर, आणि फरशीतून खाली कर्णिकांच्या देवघरात. कुलूप तोडायचं की नाही यावर सोसायटीची तातडीची सभा जिन्यात भरली. कोरम होत नव्हता, कारण निम्मे सभासद माझ्यावर विश्वास ठेवून परगावी गेले होते. शेवटी सुमतीने पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणून कुलूप तोडलं.

बुधवारी खोपकर परतले, घर पाहिलं, आणि त्यांचा सगळा राग, नवल म्हणजे, माझ्यावर न येता कार्यालयावर गेला. पाणी बंद करणार होते तर का नाही केलं, या मुद्द्यावर त्यांनी मोर्चा काढला. एका टेम्पोत तीस बायका भरलेले हंडे घेऊन बसल्या, कारण रिकामा हंडा घरात एकही नव्हता. शीळफाट्यावरून ठाण्याला पोचेपर्यंत हंडे निम्मे झाले, बायका भिजल्या, आणि त्यामुळे चिडल्या. कार्यालयाने आजवर रिकाम्या हंड्यांचे मोर्चे खूप पाहिलेले. 'पाणी का आलं, उत्तर द्या' ही घोषणा त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. मोठे साहेब गॅलरीत आले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण बंद ठेवणार होतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

खोपकर अभिमानाने म्हणाले, "आमची माणसं आहेत आत."

दुसऱ्या दिवशी कर्णिकांना निलंबित केलं.

मला हे तीन दिवसांनी कळलं. कर्णिक रोज सकाळी पावणेनऊला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, डबा घेऊन निघत असत. फरक इतकाच की ते गणेशघाटापर्यंत जात, बाकावर बसून डबा खात आणि सहाला परत येत. घरीही सांगितलं नव्हतं. कार्यालयातली गोष्ट होती ना. हेमाला ते भाजीवालीकडून कळलं. ती वर आली, माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि पदराने नुसते डोळे टिपत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, बंदची तारीख ज्या फायलीत होती ती फक्त चौघांनी पाहिलेली. त्यातल्या एकाच्या डोक्यावर तुम्ही राहता. आणखी काय पुरावा हवा त्यांना? एकवीस वर्षांची नोकरी आहे ह्यांची. ह्यांनी मला कधी पगाराचा दिवस पुढेमागे झाला तरी आधी सांगितलं नाही हो."

सुमती माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही, आणि तिने बोलावं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

मी खाली गेलो. कर्णिकांनी दार उघडलं. छताचा पोपडा देवांवर पडला होता, तो त्यांनी नुकताच काढून ठेवला होता. मी म्हणालो, "कर्णिक, मी येऊन साक्ष देतो. सगळ्या फायली आणतो." ते म्हणाले, "चौकशी चालू असलेल्या विषयावर मला बोलता येणार नाही," आणि दार लावून घेतलं. पण हळूच लावलं.

चौकशी मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी होती. मी कारखान्यातून रजा काढून, चार फायली दोन पिशव्यांत भरून गेलो. चौकशी अधिकारी गोऱ्या रंगाचे, घामेजलेले, पन्नाशीचे गृहस्थ होते. बाजूला टंकलेखनिक. कोपऱ्यात कर्णिक, भिंतीकडे पाहत.

मी तिन्ही कागद टेबलावर मांडले आणि मंगळवार कसा काढला ते समजावलं. साहेबांनी ते दोनदा उलटेपालटे करून पाहिले.

"हे तुम्हाला कोणी दिलं?"

"हे वर्तमानपत्राने. हे आपल्या फलकावरून उतरवून घेतलं."

"कोणाच्या परवानगीने?"

"फलक वाचायला परवानगी लागते?"

साहेबांनी टंकलेखनिकाकडे पाहिलं. त्याने नियमांचं पुस्तक चाळलं. "तसं काही नाही, साहेब."

"नसणारच," साहेब म्हणाले. "तशी वेळच कधी आलेली नाही. टिपणीस, तारीख गोपनीय होती."

"पण रजा रद्द केल्याचा कागद जिन्याखाली लावला होता."

"तो कर्मचाऱ्यांसाठी."

"टँकरची जाहिरात?"

"ती टँकरवाल्यांसाठी." त्यांनी रुमालाने मान पुसली. "हे सगळं सार्वजनिक होतं, मला मान्य आहे. पण ते कोणी वाचेल अशी कार्यालयाची अपेक्षा नव्हती."

मग ते कर्णिकांकडे वळले. "कर्णिक, सरळ सांगा. मंगळवारची तारीख तुम्ही यांना सांगितली की नाही?"

नाही म्हटलं की काम संपत होतं. कर्णिक उभे राहिले. "साहेब, प्रश्नात तारखेचा उल्लेख आहे. तारीख गोपनीय फायलीतली आहे. बाहेरच्या व्यक्तीसमोर मला त्यावर काही बोलता येणार नाही."

मला रडावं की हसावं कळेना. टंकलेखनिकाने विचारलं, "हे टाइप करू का?" साहेब म्हणाले, "थांब जरा."

त्यांनी खुर्ची मागे सारली. "टिपणीस, माझी अडचण समजून घ्या. एक नोकरदार माणूस आठवड्यातून दोनदा जिन्याखाली उभा राहून आमचे कागद वाचतो आणि त्यावरून आमचे बेत ओळखतो, हे मी लिहिलं तर वर कोणी मानेल का? ते म्हणतील, मीच कर्णिकला वाचवतोय. चला, फलकापाशी चला. आत्ता माझ्यासमोर वाचून दाखवा. मला ठाऊक नाही असं काहीतरी काढून दाखवा."

आम्ही सगळे खाली गेलो. मला पाहून भिवाने सवयीने छत्री काढली आणि स्टूल पुढे केलं. साहेबांनी ते पाहिलं. मला वाटतं, अर्धी साक्ष तिथेच झाली.

साहेब फलकासमोर पहिल्यांदाच उभे होते. मी वरपासून वाचत गेलो. जुन्या टायरांचा लिलाव होता, म्हणजे जीप दुरुस्तीला गेली होती. ते त्यांना ठाऊक होतं. ज्येष्ठता यादी होती. तीही ठाऊक होती. कर्णिक मागे उभे होते, हात पाठीशी धरून. त्यांचा सगळा जन्म त्या फलकावरच्या एखाद्या कागदावर अडकला होता आणि मला टायर दिसत होते.

तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात एक ताजा कागद दिसला. मी वाचला. "वसाहतीतील क्वार्टर नंबर चार दिनांक एक जूनपासून रिकामे होत असल्याने इच्छुकांनी अर्ज करावेत. म्हणजे साहेब, चार नंबरमध्ये जे कोणी राहतात त्यांची महिनाअखेरीला बदली होतेय."

मला वाटलं, हेही ठाऊक असणार.

"चार नंबर?" साहेबांनी विचारलं.

"हो. खाली तीन जणांनी नावंही लिहिलीत."

साहेबांनी वाकून स्वतः वाचलं. मग ते भिवाच्या स्टुलावर बसले. "चार नंबरमध्ये मी राहतो," ते म्हणाले.

भिवा हळूच म्हणाला, "आमाला वाटलं साहेबांना म्हायती आसंल. परवाच लावला."

शेजारच्याच कागदावर, जिथे रस्ता संपतो आणि मग होडी लागते अशा एका उपविभागात अधिकाऱ्याचं पद दोन वर्षं रिक्त असल्याचं लिहिलं होतं. साहेबांनी मला विचारलं, "कुठे ते लिहिलंय का?" मी म्हणालो, "तसं काही दिसत नाही." मागून कर्णिकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही तो कागद वाचला होता.

वर आल्यावर साहेबांनी माझ्यासमोरच अहवाल सांगितला. टंकलेखनिक बडवत होता. "सदर साक्षीदार हा निरुपद्रवी इसम असून जाहीर सूचना वाचणे हा त्याचा छंद असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत दिसून आले. स्वल्पविराम. त्यास अन्य व्यसन नाही." मी त्याखाली सही केली. नऊशे प्रकारचा माल सांभाळणाऱ्या माणसाची शासनदरबारी ही नोंद आहे. पण त्याच्या पुढच्या ओळीत कर्णिक निर्दोष होते, म्हणून मी स्वल्पविरामाबद्दलही वाद घातला नाही.

कर्णिक आठवड्याभरात कामावर रुजू झाले. कार्यालयाने या प्रकरणातून धडा घेतला आणि फलक जिन्याखालून उचलून आतल्या खोलीत नेला. मी हे कारण सांगून फळा उतरवू पाहत होतो, पण खोपकर ऐकेनात. "वर्तमानपत्रं आहेत ना अजून," ते म्हणाले. एवढ्या सगळ्यानंतर त्यांचा कात्रणांवर विश्वास बसला होता.

मे महिन्याच्या अखेरच्या शनिवारी, संध्याकाळी, कर्णिक वर आले. आमच्याकडे येऊन बसण्याची त्यांची पहिलीच वेळ. सुमतीने चहा दिला. त्यांनी तो बशीत न ओतता, गरम असूनही तसाच प्यायला. आभाराबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही छताबद्दल काही बोललो नाही. आम्ही साहेबांबद्दल बोललो. त्यांना होडीच्या गावाला जावं लागणार होतं. "तो कागद तुम्ही वाचून दाखवला नाहीत," कर्णिक म्हणाले. मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "बरं केलंत."

मग ते उठले. दारात चपला घालताना त्यांना एक पट्टा सापडेना. खाली पाहतच त्यांनी विचारलं, "वहिनी गोधड्या धुवायला काढतायत वाटतं?"

बाथरूमच्या दाराशी गोधड्यांचा ढीग पडला होता. "हो, पावसाच्या आधी. आज रात्री भिजवून ठेवेल, उद्या रविवार."

पट्टा सापडला. कर्णिक सरळ उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आज नका भिजवू म्हणावं," ते म्हणाले, आणि मागे न पाहता जिना उतरून गेले.

मी दारात उभा राहिलो. मग आत येऊन तिन्ही वर्तमानपत्रं पुन्हा चाळली, मागच्या पानावरून पुढे. काही नव्हतं. चारही फायलींत काही नव्हतं.

"सुमती, गोधड्या आज भिजवू नकोस."

"का? कुठे छापून आलंय?"

"कुठेच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कर्णिकांच्या रिकाम्या कपाकडे. उठून पिंपावर झाकण होतं ते काढलं, नळाला फडकं बांधलं, म्हणजे पाणी पडताना आवाज होऊ नये, आणि भरायला लावलं.

"खोपकरांना सांगू?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"नको."

रविवारी सकाळी सातला पाणी गेलं. इमारतीत एकेक दार उघडू लागलं, बादल्या आपटल्या, कोणीतरी जिन्यात जाऊन कोरा फळा पाहून आलं. वरून खोपकर उतरले. त्यांच्या अर्ध्या गालाला साबणाचा फेस होता.

"टिपणीस, काय हे? या वेळी तुम्हाला कळलं कसं नाही?"

खालच्या मजल्यावर कर्णिकांचं दार किंचित उघडं होतं.

"नाही कळलं," मी म्हणालो.